तिनानं भागलेली वही

किल्ली हातातून निसटली, ती उचलायला दाराशी वाकलो, आणि दिसलं की माझ्या उजव्या पायात चप्पल आहे आणि डाव्या पायात नाही. पाय होता. पाचही बोटं, नेहमीचं वाकडं नख, सगळं जागच्या जागी होतं; चप्पल तेवढी नव्हती. तळवा काळाकुट्ट झालेला, अंगठ्याजवळ खरचटून थोडं रक्त सुकलेलं, आणि या सगळ्याची मला, म्हणजे पायाच्या मालकाला, काडीचीही खबर नव्हती. दुपारचा एक वाजत होता. बाहेर रस्ता तापून निघाला होता, लोक सावली धरून चालत होते. मी इस्पितळातून बस धरली होती, थांब्यावर उतरलो होतो, चौक ओलांडून शाळेच्या लांबलचक भिंतीकडेनं आलो होतो आणि तीन जिने चढून वर पोचलो होतो. एवढ्या प्रवासात कुठंतरी चप्पल मला सोडून गेली. बायकोसुद्धा जाताना सांगून गेली होती. मी तसाच उभा राहिलो, आणि खरं सांगतो, पहिल्या अर्ध्या मिनिटात माझ्या डोक्यात भीती आली नाही, किस्सा आला. भर चौकात घार खाली आली, तिनं चप्पल उंदीर समजून उचलली, अंगठा सोडवून घेताना जखम झाली, आणि वाहतूक पोलिसानं घारीलाच शिट्टी मारली. जुळवाजुळव पुरी झाली तेव्हा मी दार उघडून आत आलो आणि डावा पाय फरशीवर दाबून ठेवला. फरशी गार असते हे मला ठाऊक होतं, म्हणून ती गार वाटली. डोळे मिटले आणि ठाऊक असलेलं बाजूला ठेवलं, तर खाली काहीच नव्हतं. फरशी नव्हती आणि पायही नव्हता.

पायाखाली काही नसणं हा तर माझा धंदा. एकेचाळीस वर्षं मी या शहरातल्या लोकांना पोहायला शिकवलं. निळ्या फरशीचा तलाव, वरून पत्र्याचं छप्पर, त्याखाली घुमणारे आवाज, डोळ्यांना झोंबणारा औषधी पाण्याचा वास. तो वास माझ्या कातडीत इतका मुरला होता की घरची मांजर मला चाटत नसे. पोहायला शिकवणं म्हणजे काय, तर खोटं बोलणं. माणूस पोटावर आडवा, तुमचे दोन तळवे त्याच्या पोटाखाली, आणि तुम्ही म्हणत राहायचं, ‘धरलंय, धरलंय, मार पाय.’ हात केव्हाच काढून घेतलेले असतात. दहा हात पुढं गेल्यावर तो वळून पाहतो, तुम्ही मागं कमरेवर हात ठेवून उभे, आणि त्याच्या तोंडावर जे उमटतं ते पाहायला मी पगार नसता तरी गेलो असतो. अशा धंद्यात माणसाची जीभ सैल होते. मी पाण्याखाली चार मिनिटं राहतो, तळाशी बसून वर्तमानपत्राचं पहिलं पान वाचतो. एकदा एका अगडबंब ठेकेदारानं उडी मारली तर तलावातलं सगळं पाणी बाहेर गेलं, पोरं कोरड्या फरशीवर उभी राहिली, आणि तो वर चढला तेव्हा पाणी शरमून परत आलं. बायको तिथंच टॉवेलच्या खिडकीत बसायची, ओठ हलवत टॉवेल मोजायची. भागाकाराची टूम तिची. घरी पाहुणे बसले आणि मी रंगात आलो, की ती आतून सांगायची, ‘तिनानं भागा हो, मगच घ्या.’ चार मिनिटं भागिले तीन, एक मिनिट वीस सेकंद. आणि गंमत अशी की मी खरोखर तेवढाच वेळ राहत असे, सेकंदाचा फरक नाही. पाहुणे हसायचे. मीही हसायचो, आणि पुढचा किस्सा जरा आणखी लांबवायचो. कितीही लांब पोहत गेलो तरी मला मोजून परत आणणारं कुणीतरी काठावर बसलेलं होतं. ती गेल्यावर भागाकार लेकीकडे आला. बाकी दागिने वगैरे असे काही नव्हतेच.

फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा लेकीनं पहिल्यांदा रिपोर्टच्या कागदावरचा आकडा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. नेहमीची औषधं दोन वर्षं चालली, मग चालेनाशी झाली. तेव्हा डॉक्टरांनी या नव्या गोळीचं काढलं. किडकिडीत माणूस, बोलताना टेबलावरची टाचणी सरळ करत राहतो. म्हणाला, ‘हे औषध माणसांना नुकतंच द्यायला लागलोय. तुम्हाला गुण येईलच असं मी म्हणणार नाही. किती मात्रा शरीराला झेपते, ते आम्ही आधी पाहतोय. पायरी पायरीनं जायचं. प्रत्येक पायरीवर तिघंजण. त्यांच्याकडे एकवीस दिवस लक्ष ठेवायचं. मोठा त्रास झाला नाही, तर पुढच्या तिघांना वरची पायरी.’ माझ्या आधी तीन पायऱ्या झाल्या होत्या. मी चौथीवर. मला हे फार आवडलं. तलावाच्या पायऱ्यांवर मी भित्र्या माणसांना असंच उतरवत असे, एक पायरी, दम घ्या, दुसरी पायरी. तिथल्या वहीवालीनं, म्हणजे चाचणीचं सगळं टिपण ठेवणाऱ्या बाईंनी, मला एक वही दिली. रोज एक पान. खोकला, उलटी, ताप, हातापायांचा बधिरपणा. पुढं चौकोन: नाही, थोडा, बराच, फार. खाली मोकळी जागा. ‘मास्तर,’ त्या म्हणाल्या, कारण पहिल्या भेटीतच मी त्यांना ठेकेदाराचा किस्सा सांगून ठेवला होता, ‘इथं फक्त खरं लिहायचं. तुमच्यावरून पुढच्यांची मात्रा ठरते.’ मी म्हणालो, ‘बाई, मला खरं लिहिता येत नाही, अक्षर वाईट आहे.’ तेव्हापासून लेक रोज कचेरीतून येताना इथं थांबते, मी सांगतो आणि ती लिहिते.

गोळी लागू पडली होती. फुप्फुसांना कुणी खडबडीत कापडानं घासावं तसा जो खोकला होता, तो दहाव्या दिवशी मऊ झाला. तीन जिन्यांवर मी तीनदा थांबायचो, तो एकदाच थांबायला लागलो. पहाटे जाग आली की श्वास आत घेऊन पाहायचो. आत जागा होती. पस्तीस वर्षांपूर्वी तलाव उघडण्याआधी मी एकटाच पाण्यात उतरत असे, पाणी इतकं स्तब्ध की मोडायला जीव होत नसे, आणि पहिला श्वास छातीत भरून खाली जाताना वाटायचं की हा संपणारच नाही. त्याचा एक तुकडा परत मिळाला होता. खोली अर्धी झाली होती, पण तीच खोली होती. ती आता कुणी काढून घेऊ नये, एवढंच मला हवं होतं.

आज सकाळी, एकोणिसाव्या दिवशी, रक्त द्यायला गेलो तर माझ्या नेहमीच्या खुर्चीत, खिडकीजवळ, एक बाई बसल्या होत्या. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, मांडीवर पुस्तक, पण उघडलेलं नाही. ग्रंथालयात नोकरी केली म्हणाल्या, पुस्तकांना नंबर घालण्यात जन्म गेला. पुढच्या तिघांत त्यांचं नाव होतं. सोमवारी बैठक, मग पाचवी पायरी. मी माझा धंदा सांगितला. त्या हसल्या, आणि मग हसू तसंच ठेवून म्हणाल्या, ‘मला पोहता येत नाही. मास्तर, तुम्ही आत उतरलेले आहात. किती खोल आहे?’ मी विचारसुद्धा केला नाही. ‘अहो, कमरेइतकंही नाही. खुशाल या.’ त्यांनी मान हलवली आणि पुस्तक उघडलं. मला बरं वाटलं. चांगलं काम केल्यासारखं बरं वाटलं, आणि त्याच आनंदात मी बस धरली, उतरलो, चालत घरी आलो, आणि माझ्या पायात एकच चप्पल होती.

किती खोल आहे, हा प्रश्न मला एकेचाळीस वर्षांत हजारोंनी विचारला असेल. त्यातली एकच लक्षात आहे. लेक सात वर्षांची होती, कठड्यावर उभी, पिवळी टोपी कानांवर ओढलेली. पोटावर चार हात जायला शिकली होती आणि मला घाई झाली होती. दुसऱ्या मास्तरांच्या पोरी उड्या मारायला लागल्या होत्या. मी खोल टोकाला पाण्यात. ‘बाबा, किती खोल आहे?’ ‘तुझ्या गळ्याइतकं.’ भिंतीवर रंगानं आकडा लिहिलेला होता, पण तिची भिंतीकडे पाठ होती आणि माझ्याकडे तोंड. तिनं पाय टेकायला म्हणून उडी मारली. सरळ, ताठ, पाय खाली ताणून, जमीन शोधत. मी ते पाण्याखालून पाहिलं. पायाचे अंगठे खाली वळलेले, शोधतायत, शोधतायत, आणि खाली निळी फरशी अजून कितीतरी लांब. मी तिला लगेच उचललं. रडली नाही. खोकली, नाक पुसलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि कठड्यावरून ओल्या पावलांनी चालत जाऊन तिनं भिंतीवरचा आकडा बोट ठेवून वाचला. नंतर ती उत्तम पोहायला शिकली, माझ्याकडूनच, पण मला खोली कधी विचारली नाही. पुढं नकाशे काढणाऱ्या कचेरीत लागली, जमिनी मोजते. चारचौघांत मी सांगतो की माझ्या मुलीनं सातव्या वर्षी खोल टोकाला माशासारखी उडी घेतली. तिची आई मागून तिनानं भागा म्हणायची, पण त्या किस्स्याला जरा हळू म्हणायची. तो एकच असा आहे, की कितीनंही भागला तरी खालून खरं निघत नाही.

पाय धुतला, पट्टी लावली आणि वही काढली. इतक्या दिवसांत मी ती उघडून वाचली नव्हती. आपलाच किस्सा कोण वाचतो. लेकीचं अक्षर सरळ, नकाशावरच्या गावांच्या नावांसारखं. अकराव्या दिवशी मी म्हणालो होतो, पायात मुंग्यांचं वारूळ झालंय, राणी मुंगी अंगठ्यात बसते. तिनं लिहिलं होतं: ‘पायाच्या बोटांत किंचित मुंग्या. थोडा.’ चौदाव्या दिवशी मी म्हणालो होतो, गुडघ्याखाली कुणी दुसऱ्याचेच पाय जोडलेत, रात्री बदलून जातात. लिहिलं होतं: ‘तळवे जरा बधिर. थोडा.’ सोळाव्या दिवशी मी सांगितलं होतं, आज सहा वेळा धडपडलो, शेवटच्या वेळी खुर्चीनं माझी माफी मागितली. लिहिलं होतं: ‘दोनदा ठेच.’ सहा भागिले तीन. मी त्या दोनच्या आकड्याकडे बघत बसलो. त्या दिवशी मी सहा वेळाच धडपडलो होतो. मोजलं होतं मी. खरा आकडा मी थापेच्या आवाजात सांगितला, पुढं खुर्चीची माफी लावून दिली, आणि पोर हसली आणि तिनं भागलं. भागणार हे मला ठाऊक नव्हतं का? मी तिच्या आईबरोबर चव्वेचाळीस वर्षं संसार केला आहे. एक अक्षर खोटं न बोलता मी ती वही खोटी केली होती, तीही लेकीच्या हातानं. आणि आता काही करायची गरजही नव्हती. दोनच दिवस उरले होते. चप्पल बसमध्ये राहिली म्हणायचं. जखम उंबऱ्याची. गोळी चालू, श्वास चालू, आणि सोमवारी त्या बाई पाचव्या पायरीवर, पाय खाली ताणून.

संध्याकाळी साडेपाचला लेक आली.

‘बाबा, बाहेर एकच चप्पल. दुसरी पोहायला गेली का?’

‘हरवली.’

‘कुणी नेली? वाघानं?’

‘घार ठरवली होती,’ मी म्हणालो. ‘बस जरा. एक सांगायचंय.’

तिनं पर्स खाली ठेवली, वही ओढली, पेन उघडलं. मी सांगितलं. बसमधून उतरताना मागच्या माणसाचा पाय चपलेवर पडल्यासारखं वाटलं होतं, झटका गुडघ्याला कळला, पायाला नाही. तेव्हाच गेली असणार. तिथून दारापर्यंत अनवाणी आलो. चारशे पावलं. कळलं नाही.

‘चारशे,’ तिच्या ओठांच्या कोपऱ्यात आईचं हसू आलं. ‘म्हणजे एकशे तेहतीस. शाळेच्या फाटकापासून धरू?’

‘आज भागू नकोस, बेडके.’

पेन थांबलं. तिला या नावानं मी किती वर्षांनी हाक मारली, कोण जाणे.

‘सोळाव्या दिवशी सहा म्हणालो होतो. सहाच होत्या.’

‘मग तसं सांगायचं ना.’

‘तसंच सांगितलं होतं.’

‘खुर्चीनं माफी मागितली म्हणालात तुम्ही.’ तिचा आवाज चढला नाही, बारीक झाला. ‘मी काय समजायचं?’

‘जे समजलीस तेच. म्हणून तर खुर्ची घातली मी.’

तिनं माझ्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘का?’

‘जिन्यात एकदाच थांबतो मी आता.’ तिनं मान खिडकीकडे वळवली. तिलाही ते जिने ठाऊक होते. गेल्या महिन्यात प्रत्येक वळणावर ती माझी पाठ धरून उभी राहिली होती. ती हळूच म्हणाली, ‘दोनच दिवस राहिलेत, बाबा,’ आणि मला कळलं की मी गप्प बसलो तर तीही बसेल. जमिनी मोजणारी माझी पोर माझ्यासाठी एकदा मोजमाप चुकवेल.

‘सोमवारी पुढचे तिघं चढणार,’ मी म्हणालो. ‘त्यांतल्या एक बाई आज भेटल्या. किती खोल आहे म्हणून विचारत होत्या. मी सांगितलं, कमरेइतकंही नाही.’

लेकीनं विचारलं, ‘आणि भिंतीवरचा आकडा?’

‘तो या वहीतूनच लिहिणार आहेत.’

तिनं फोन लावला. वहीवाली बाई घरी निघाल्या होत्या. रस्त्यातल्या गाड्या ऐकू येत होत्या. लेकीनं सगळं सांगितलं, फोन टेबलावर ठेवला. ‘मास्तर,’ फोनमधून आलं, ‘ही ठेकेदारासारखी गोष्ट नाही ना?’ ‘नाही.’ ‘मग डोळे मिटा. मुलीला सांगा, पायाचा अंगठा दोन बाजूंनी धरून वर किंवा खाली करायला. तुम्ही ओळखायचं.’ मी डोळे मिटले. इथं एक लबाडी मला शक्य होती आणि ती माझ्याशिवाय कुणालाच कळली नसती. माझी लेक काहीही खाली दाबताना श्वास सोडते आणि वर उचलताना धरते. मीच शिकवलंय तिला. चारही वेळा तिचा श्वास मला स्वच्छ ऐकू आला. ‘वर की खाली?’ ‘कळत नाही.’ ‘आता?’ ‘कळत नाही.’ ‘आता?’ तिसऱ्या वेळी तिला श्वास नीट सोडता आला नाही. ‘कळत नाही, बाळा.’ चौथ्यांदा तिनं अंगठा हलवला आणि तसाच हातात धरून बसली. तो हातात असल्याचं मी डोळे उघडल्यावर पाहिलं.

‘आजची गोळी घेऊ नका,’ बाई म्हणाल्या. आता त्या चालायच्या थांबल्या होत्या. ‘उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवा. सोमवारी ते पुढच्या तिघांना वरची पायरी देतील असं मला वाटत नाही.’

‘आणि माझं?’

‘खालची मात्रा देता आली तर पाहतील. नाहीतर बंद. मी खोटी आशा लावत नाही, मास्तर.’

‘त्या ग्रंथालयातल्या बाई...’

‘दुसऱ्या कुणाबद्दल मी बोलू शकत नाही. पण जे कुणी येतील, त्यांना हे आधी सांगतात. तुमचं नाव न घेता.’ मग त्या म्हणाल्या, ‘किती पावलं म्हणालात? तेही लिहा.’

‘चारशे.’

फोन बंद झाला तशी लेक उठली आणि बूट घालायला लागली. ‘कुठं?’ ‘मोजून येते.’ तिचा हक्क होता. खिडकीतून पाहिलं, ती शाळेच्या भिंतीकडेनं खाली मान घालून चालली होती, उन्हं उतरलेली, भिंतीवर तिची सावली लांब, आणि तिसऱ्या मजल्यावरून तिचे ओठ दिसणं शक्य नाही, पण ते हलत होते; टॉवेलच्या खिडकीत हलायचे तसे. गोळ्यांची बाटली टेबलावर होती. मी श्वास आत घेतला आणि धरून ठेवला. पूर्वीच्या हिशोबानं ती चौकापर्यंत जाईस्तोवर टिकला असता. भिंत संपायच्या आतच सुटला.

ती परतली तेव्हा तिच्या हातात चप्पल होती. पट्टा तुटलेला, टाचेवर चाकाचा ठसा. ‘थांब्यावरच पडली होती, कडेला.’ तिला धाप लागली होती. ती खुर्चीत बसली, वही पुढं घेतली आणि आधी सोळावं पान उघडलं. दोनच्या आकड्यावर तिनं एकच रेघ मारली, खालचं दिसेल अशी, वहीवालीनं शिकवल्याप्रमाणे, शेजारी सहा लिहिलं, तारीख घातली, सही केली. मग चौदावं. मग अकरावं. तिथल्या ‘किंचित’वर तिनं रेघ मारली आणि चौकोन बदलला. एकोणिसाव्या पानावर पेन टेकवून ती म्हणाली, ‘चारशे बारा.’

‘काय?’

‘जिने धरून. आणि तुमची पावलं माझ्याहून आखूड, म्हणजे जास्तच भरतील.’ तिनं वर पाहिलं. कठड्यावरून पाहिलं होतं तसंच, पण या वेळी ती पाठ फिरवून भिंतीकडे गेली नाही. ‘तुम्ही कमी सांगितलंत, बाबा.’

‘चारशेच लिही,’ मी म्हणालो. ‘चारशे बारा म्हटलं की थाप वाटते.’

तिनं चारशे बाराच लिहिलं, आणि वही माझ्याकडे फिरवली. मी चष्मा लावला आणि तो आकडा बोट ठेवून वाचला.